आधी, मधे की नंतर

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये ख्रिस्ती व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर काय चाललं होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. दक्षिण आफ्रिकेतल्या एका प्रचारकाने सांगितलं की २३ आणि २४ सप्टेंबरला, यहुदी लोकांच्या कर्ण्यांच्या सणाला, प्रभू आपल्या लोकांना वर घेणार, आणि तो व्हिडिओ जगभर फिरत फिरत आमच्या नाशिकरोडच्या, देवळालीच्या, सातपूरच्या नातेवाइकांच्या फोनवर येऊन पोचला. मग २५ तारीख उजाडली, दूधवाला आला, शाळेच्या रिक्षा सुरू झाल्या. त्यावर खूप जणांनी मीम टाकले. मला त्यावर हसता येत नाही आणि कुणी हसलं तर बरंही वाटत नाही, कारण ज्याची तो माणूस वाट बघत होता त्याचीच मी पण बघते. दर रविवारी चर्चमध्ये उभं राहून मतांगीकारात आम्ही सगळेच म्हणतो की तो जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला पुन्हा येईल. ते मी तोंडपाठ आहे म्हणून म्हणत नाही, मला ते खरंच वाटतं.

पण "येईल" इथपर्यंत सगळे एकत्र असतात आणि "कधी" म्हटलं की घरातल्या घरात चार गट पडतात. आमच्याच घरात आहेत. मी शरणपूर रोडच्या बाजूला वाढलेली, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची. १९७० ला अँग्लिकन आणि बाकीची मंडळं एकत्र येऊन ही मंडळी झाली आणि तिने बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, येणाऱ्या ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या राज्याबद्दल अमुकच माना असं कुणावर लादलेलं नाही, मतांगीकार आहे तेवढा पुरे. माझी मावशी देवळाली कॅम्पला, ती आता फेलोशिपला, म्हणजे वेगळ्या प्रार्थनामंडळीला जाते, तिथे दर आठवड्याला प्रकटीकरण चालू. समोरच्या काकू मूळच्या वसईच्या, कॅथलिक, फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला माहेरची पंधरा माणसं त्यांच्या दोन खोल्यांत मावतात. आणि माझ्या भावाचे सासरे पुण्याला स्पायसरला शिकलेले अॅडव्हेंटिस्ट, शनिवार पाळणारे, अतिशय शांत गृहस्थ. ही सगळी माणसं एकाच लग्नात एकाच पंगतीला जेवलेली आहेत आणि प्रभू कधी येणार यावर एकाचंही दुसऱ्याशी पटत नाही.

त्यात आपण नाशिकचे. इथे देवाघरच्या गोष्टीला तारीख असते. गुरू सिंहेत आला की सिंहस्थ, २०२७ च्या स्नानांच्या तारखा दोन वर्षं आधी जाहीर झाल्या आणि त्याप्रमाणे रस्ते खोदायला पण घेतले. ऑफिसमधली माझी मैत्रीण मला एकदा अगदी मनापासून विचारत होती, अगं मग तुमच्यात तारीख कोण काढतं? मी म्हटलं कोणीच नाही. मत्तयच्या २४ व्या अध्यायात येशू स्वतःच सांगतो की तो दिवस आणि ती घटका पित्याशिवाय कोणाला माहीत नाही, देवदूतांना नाही, पुत्रालाही नाही. ती म्हणाली मग भांडता कशावरून? प्रश्न बरोबर होता. तारखेवरून भांडणारे थोडे, खरं भांडण क्रमावरून आहे. आधी काय, मग काय, आणि आपण तेव्हा कुठे. म्हणजे शेवटी जे महासंकट येणार, त्याच्या आधी प्रभू आपल्याला वर घेणार, मधे की नंतर.

मावशीच्या हॉलमध्ये सोफ्याच्या वर एक कापडी तक्ता आहे. डावीकडे क्रूस, मग लांब निळा पट्टा, तो मंडळीचा काळ. पट्ट्याच्या टोकाला वर जाणारा बाण, तिथे ढग काढलेत. मग लाल पट्टा, सात वर्षांचं महासंकट, मधोमध रेघ मारून साडेतीन आणि साडेतीन. मग खाली येणारा जाड बाण, मग पिवळा पट्टा हजार वर्षांच्या राज्याचा आणि शेवटी पांढरं राजासन, न्यायाचं. मावशीचं शिक्षण चौथीपर्यंत, पण त्या तक्त्यावर बोट ठेवून ती दानीएल, मत्तय, थेस्सलनीकाकर, प्रकटीकरण असं वचनामागून वचन सांगते तेव्हा भले भले गप्प बसतात. मला तिचा हा अभ्यास फार मोलाचा वाटतो, हे आधीच सांगते, कारण पुढे मी तिच्याशी असहमत होणार आहे.

हे सात वर्षं कुठून आले? प्रकटीकरणात सात वर्षं असा आकडा नाहीच, तिथे बेचाळीस महिने आहेत, १२६० दिवस आहेत, काळ, दोन काळ आणि अर्धा काळ आहे. सात वर्षं येतात दानीएलाच्या ९ व्या अध्यायातल्या सत्तर सप्तकांमधून. एक सप्तक म्हणजे सात वर्षं असं धरायचं, एकोणसत्तर सप्तकं ख्रिस्तापर्यंत संपली म्हणायची आणि सत्तरावं अजून यायचंय. मधे हा एवढा मोठा खंड, दोन हजार वर्षांचा, तोच मंडळीचा काळ. ही मांडणी पद्धतशीर केली ती जॉन नेल्सन डार्बी या माणसाने, जन्म १८००, मृत्यू १८८२, आयर्लंडमधला पाळक, पुढे ब्रदरन मंडळींचा पुढारी. १८३० च्या दशकात त्याने शिकवलं की प्रभू दोन टप्प्यांत येणार, आधी आपल्या लोकांना गुपचूप वर घ्यायला आणि सात वर्षांनी सगळ्यांसमोर राज्य करायला. पुढे १९०९ ला अमेरिकेत स्कोफिल्ड यांचं टिपांसहित बायबल निघालं, त्यात हे सगळं पानाच्या खालच्या बाजूला छापलेलं, आणि साधा माणूस वचन आणि टीप एकाच दमात वाचायला लागला. मावशीचा तक्ता त्याच घराण्यातला. आणि एक गंमत वाटते, हेच ब्रदरन लोक १८३६ ला इंग्लंडहून निघून भारतात आले आणि स्थिरावले कुठे, तर आंध्रात नरसापूरला, गोदावरीच्या मुखाशी. आपल्या त्र्यंबकला उगम पावलेली नदी जिथे समुद्राला मिळते तिथे ही शिकवण इतकी जुनी आहे.

काही लोक म्हणतात की जी गोष्ट अठराशे वर्षं कुणी शिकवली नाही ती खरी कशी असेल. मला हा मुद्दा पुरेसा वाटत नाही, उशिरा दिसलं म्हणून चूक असं थोडंच आहे. आणि आधीवाल्यांकडे वचनं आहेत. देवाने आपल्याला क्रोधासाठी नेमलं नाही, हे प्रेषित पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, १ थेस्सलनीकाकर ५ मध्ये आहे. प्रकटीकरणात फिलदेल्फियाच्या मंडळीला सांगितलंय की सगळ्या जगावर येणाऱ्या परीक्षेच्या घटकेपासून मी तुला राखीन. मधेवाले म्हणतात करिंथकरांच्या पत्रात "शेवटचा कर्णा" आहे, प्रकटीकरणात सातवा कर्णा ११ व्या अध्यायात वाजतो, म्हणजे संकटाच्या मध्यावर. १९९० च्या सुमारास अजून एक मत पुढे आलं, की मंडळी ख्रिस्तविरोधकाचा छळ सोसेल पण देवाचा क्रोध ओतला जाण्याआधी उचलली जाईल, छळ वेगळा आणि क्रोध वेगळा. आणि नंतरवाले मत्तय २४ उघडून दाखवतात, त्या दिवसांतल्या संकटानंतर लगेच सूर्य अंधारेल, पुत्राचं चिन्ह दिसेल आणि मग तो निवडलेल्यांना गोळा करेल. नंतर लगेच. मी याच बाजूची आहे. योहानाच्या १७ व्या अध्यायात येशू शिष्यांसाठी प्रार्थना करताना म्हणतो की यांना जगातून काढून घे असं मी मागत नाही, तर दुष्टापासून राख. आणि मंडळी संकटातून जाणार नाही असं आपण नाशिकमध्ये बसून म्हणू शकतो, पण उत्तर कोरियात किंवा उत्तर नायजेरियात बसून कोण म्हणेल? त्यांच्यासाठी लाल पट्टा कधीच सुरू झालाय.

मावशीशी माझी नेहमीची खडाजंगी एका वचनावरून होते. १ थेस्सलनीकाकर ४, प्रभू उतरेल, ख्रिस्तामध्ये मेलेले आधी उठतील, मग जिवंत उरलेले आपण त्यांच्यासह मेघांत घेतले जाऊ, अंतराळात प्रभूला सामोरे जायला. मावशी म्हणते बघ, वर गेले. मी म्हणते पुढे कुठे गेले ते लिहिलंय का? आपल्याकडे लग्नात वऱ्हाड आलं की मुलीकडची माणसं वेशीपर्यंत सामोरी जातात, सीमांतपूजन करतात, आणि मग तिथूनच नवरदेवाबरोबर परत निघून जात नाहीत ना, त्याला वाजतगाजत गावात घेऊन येतात. प्रेषितांच्या कृत्यांत शेवटच्या अध्यायात तसंच आहे, पौल येतोय कळल्यावर रोमचे बंधू अप्पियाच्या पेठेपर्यंत त्याला सामोरे गेले आणि त्याला घेऊन रोमला परत आले. येशूच्या दृष्टांतातल्या दहा कुमारी पण नवऱ्याला सामोऱ्याच निघाल्या होत्या आणि त्यांच्यातल्या तयार असलेल्या पाच शेवटी त्याच्याबरोबर लग्नाच्या घरात गेल्या. मला तरी ते थेस्सलनीकाकरचं चित्र असंच दिसतं, राजा येतोय, त्याची माणसं धावत वेशीवर जातात. मावशी ऐकून घेते आणि म्हणते, तुझं चहा पिऊन झालं असेल तर कप ठेव.

वसईच्या काकूंना यातलं काहीच लागत नाही. त्यांच्याकडे हजार वर्षं म्हणजे आत्ता चालू असलेला मंडळीचा काळ, आकडा प्रतीकाचा. ही वाट पाचव्या शतकात ऑगस्टीन या बिशपने घालून दिली आणि पश्चिमेची मंडळी हजार वर्षं तरी त्याच वाटेने चालली. प्रकटीकरण २० मध्ये सहा वचनांत सहा वेळा "हजार वर्षे" येतं, तेवढ्यावर सगळी भिंत उभी आहे हेही खरं. त्याआधी दुसऱ्या शतकातले ख्रिस्ती लेखक जस्टिन आणि आयरेनियस मात्र पृथ्वीवरचं खरंखुरं राज्य मानायचे, पण आधी मंडळीला ख्रिस्तविरोधकाला तोंड द्यावं लागेल असंही मानायचे, म्हणजे मावशीचं अर्धं आणि माझं अर्धं. व्हॅटिकनने १९४४ ला सांगितलं की ख्रिस्त न्यायाच्या दिवसाआधी दृश्य रूपात राज्य करायला येईल ही शिकवण सुरक्षितपणे देता येत नाही. पण त्यांच्या शिक्षणग्रंथात हेही आहे की प्रभू येण्याआधी मंडळीला एका शेवटच्या परीक्षेतून जावं लागेल. काकूंना मी हे सांगितलं तर म्हणाल्या, हो मग, आमचे फादर पण तेच म्हणतात, जपमाळ सोडू नका. अजून एक गट म्हणतो यातलं बरंचसं इ.स. ७० ला होऊन गेलं, रोमी सेनापती टायटसच्या सैन्याने यरुशलेमचं मंदिर पाडलं तेव्हाच. मत्तय २४ च्या सुरुवातीला प्रश्न मंदिराच्या दगडांवरूनच निघालाय, त्यामुळे त्यांचं म्हणणं निदान अर्ध्या अध्यायापुरतं मला पटतं.

भावाच्या सासऱ्यांचा इतिहास सगळ्यात दुखरा आहे. विल्यम मिलर नावाचा अमेरिकन शेतकरी, दानीएल ८ मधले २३०० दिवस म्हणजे वर्षं धरून त्याने हिशोब केला आणि त्याच्या चळवळीत शेवटी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख ठरली. काहींनी शेतातलं पीक उभं ठेवलं, कापलं नाही. रात्र गेली, पहाट झाली, आणि लोक रडले. त्या राखेतून जी माणसं पुन्हा बायबल उघडून बसली त्यांच्यातून १८६३ ला सेव्हन्थ डे अॅडव्हेंटिस्ट मंडळी झाली, आणि तेव्हापासून ते तारीख काढत नाहीत. दिवाणखान्यात त्या सप्टेंबरच्या व्हिडिओचा विषय निघाला तेव्हा सासरे एवढंच म्हणाले, आमच्या लोकांनी ती सकाळ बघितली आहे. त्यानंतर १९८८ ची तारीख निघाली, इस्राएल १९४८ ला स्थापन झालं त्यात एका पिढीची चाळीस वर्षं मिळवून. २०११ च्या २१ मेला झालं, मग त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला. तरी लोक काढतातच.

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसले ते. माझी भाची आठवीत आहे. मागच्या पावसाळ्यात ती क्लासवरून सातच्या सुमारास घरी आली, लाइट गेलेली, दार नुसतं लोटलेलं, गॅसवर मंद आचेवर वरण उकळतंय, टेबलावर भावाचा चष्मा आणि चालू फोन, आणि घरात कोणी नाही. गच्चीत पाणी तुंबलं होतं म्हणून सगळे वर गेले होते, बादल्या घेऊन. ती पोरगी दप्तर पाठीवर तसंच ठेवून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसली आणि तिने गॅससुद्धा बंद केला नाही. वहिनी खाली आली तेव्हा वरण करपलेलं आणि हिचे हातपाय गार. दोन तासांनी बोलली, मला वाटलं तुम्ही सगळे वर गेलात आणि मी राहिले. आणि मग हळूच, मी त्या दिवशी आईशी खोटं बोलले होते ना. कुठल्यातरी मुलांच्या शिबिरात एका वक्त्याने तिला हे सांगितलं होतं, की एक दिवस तुम्ही घरी याल, जेवण चुलीवर असेल आणि घर रिकामं असेल.

मला अजून त्याचा राग आहे. आधी की नंतर हा अभ्यासाचा प्रश्न आहे, त्यात प्रामाणिक माणसं दोन्हीकडे असू शकतात, पण तेरा वर्षांच्या लेकराला आईच्या अनुपस्थितीची भीती घालणं हा अभ्यास नाही. आणि ज्या उताऱ्यावरून ते केलं जातं तो उतारा लिहिलाय कशासाठी ते तरी बघा. थेस्सलनीकात काही माणसं वारली होती. उरलेल्यांना वाटलं, प्रभू यायच्या आधीच हे गेले, आता यांचं काय, हे राहिले मागे. पौल लिहितो, राहिले नाहीत, तेच पहिले उठतील. शेवटचं वाक्य आहे, या वचनांनी एकमेकांचं सांत्वन करा. म्हणजे मागे राहण्याची भीती घालवायला जे लिहिलं गेलं तेच आज मागे राहण्याची भीती घालायला वापरतात!

हे मला कळलं २०२१ च्या एप्रिलमध्ये, मावशीचे यजमान, आमचे काका गेले तेव्हा. नाशिकचे ते दिवस आठवा, २१ तारखेला पालिकेच्या एका रुग्णालयात ऑक्सिजनची गळती होऊन व्हेंटिलेटरवरची माणसं गेली, सगळ्या शहराचा श्वास अडकल्यासारखं झालं होतं. फोनवर प्रकटीकरणातले मेसेज येत होते, चौथा शिक्का फुटला, मरणाचा फिकट घोडा निघाला. काकांच्या दफनाला आम्ही मोजकी माणसं, लांब लांब उभी, पाळकसाहेब मास्कमधून ओरडून वाचत होते कारण वारा होता. त्यांनी १ थेस्सलनीकाकर ४ च वाचलं. मावशीला मी बघत होते. तक्त्यावरचा तो बाण तिला तेव्हा आठवलाही नसेल. "ख्रिस्तामध्ये मेलेले पहिल्याने उठतील" हे आलं तशी ती मास्कच्या आत मोठ्याने आमेन म्हणाली आणि पुढचं ऐकायच्या आधीच माती घ्यायला वाकली.

आपल्या शरणपूरचीच एक गोष्ट आहे, ती फार कमी लोकांना माहीत असते. १८५४ च्या सुमारास चर्च मिशनरी सोसायटीने इथे वस्ती वसवली, आणि अरब व्यापाऱ्यांच्या गुलाम वाहणाऱ्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे आणून शिकवली जायची, सुतारकाम, लोहारकाम, वाचन. नाशिकची मुलं म्हणून ती आफ्रिकेत ओळखली गेली. त्यांच्यातला एक जेकब वेनराइट. १८७३ ला मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारला, त्याचं हृदय तिथेच एका झाडाखाली पुरलं, आणि दफनाची प्रार्थना वाचली ती या नाशिकच्या मुलाने. मग ते शव समुद्रापर्यंत शेकडो मैल वाहून नेलं, आणि १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर अॅबीत खांदा देणाऱ्यांत तो होता. त्या शतकात बऱ्याच मिशनरींना वाटायचं की सुवार्ता पसरत जाईल, गुलामगिरीसारखी पापं मोडत जातील आणि जग सुधारत सुधारत राजाच्या येण्याला तयार होईल. पहिल्या महायुद्धाने ती आशा मोडली असं म्हणतात, आणि मलाही ती जशीच्या तशी मानता येत नाही. पण साखळीतून सुटलेला एक मुलगा पुनरुत्थानाच्या निश्चित आशेची प्रार्थना परक्या माणसासाठी मोठ्याने वाचतो, तेव्हा त्याने हजार वर्षांचा कुठला हिशोब मनात धरला होता हे विचारावंसंही वाटत नाही.

आणि थेस्सलनीकाकरांच्या दुसऱ्या पत्रात तर पौल थेट म्हणतो, दिवस येऊन ठेपलाय असं कुणी सांगितलं, अगदी आमच्या नावाचं पत्र दाखवलं तरी घाबरू नका. म्हणजे खोटे फॉरवर्ड तेव्हाही होते. आणि त्याच पत्रात पुढे, जे काम सोडून बसलेत त्यांनी काम करावं, ज्याला काम करायचं नाही त्याने खाऊही नये. आमच्या ओळखीत एकाने प्रभू येणारच म्हणून मुलीच्या डिप्लोमाची फी भरली नाही, तिचं वर्ष गेलं. त्याला कोणीतरी हा अध्याय वाचून दाखवायला हवा होता, आणि तो दाखवायचं काम आधीवाल्यांचं होतं तेवढंच आमचंही.

म्हणून या नाताळाआधीच्या आगमनकाळात आम्ही एक ठरवलंय. डिसेंबरच्या रविवारी दुपारी चार वाजता आमच्याच घरी दोन्ही पत्रं सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचायची, टीप नाही, तक्ता नाही, यूट्यूब नाही, वाचून झाल्यावर ज्याला जे म्हणायचं ते म्हणावं. भाची वाचणार आहे पहिलं पत्र, तिने स्वतः मागितलं. सासरे येतो म्हणालेत. मावशीने फोनवर आधीच हरकत घेतली, म्हणे दुसऱ्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ख्रिस्तविरोधकाला तो "अडवून धरणारा" आहे ना, तो कोण ते ठरवल्याशिवाय पुढे जायचं नाही. मी तिला सांगितलं की कोणी रोमी साम्राज्य म्हणतं, कोणी पवित्र आत्मा, कोणी सुवार्तेचा प्रसार, आणि ऑगस्टीनने तर सरळ लिहून ठेवलंय की पौलाला काय म्हणायचंय ते मला कळत नाही. मावशी म्हणाली, त्याला नसेल कळलं, मी सांगते. तिला दुसरा रविवार दिलाय, आणि तिच्यानंतर लगेच वसईच्या काकू बोलणार आहेत.